विश्लेषण : यादीतून नाव काढले, सर्व्हरवरचे खाते मात्र तसेच! असे का होते?

कंपनी सोडून गेलेल्या कर्मचाऱ्याचे नाव यादीतून काढले. ऑटोमेशनची स्क्रिप्ट पुन्हा चालवली. स्क्रीनवर सगळ्या ओळी हिरव्या, एकही चूक नाही. तरीही त्या कर्मचाऱ्याचे खाते प्रत्येक सर्व्हरवर जिवंत! सर्व्हर सांभाळण्याच्या कामात नव्याने आलेल्या इंजिनीअरना हा प्रकार हमखास चकवतो. गंमत म्हणजे यात स्क्रिप्ट बिघडलेली नसते. तिने सांगितलेले काम चोख केलेले असते. ‘की-व्हॅल्यू’ स्वरूपातल्या माहितीवर लूप फिरते तेव्हा ती नेमके काय करते आणि काय करत नाही, हे लक्षात न घेतल्याचा हा परिणाम असतो.

‘की-व्हॅल्यू’ म्हणजे काय?

सोसायटीच्या वॉचमनकडची वही डोळ्यांसमोर आणा. डावीकडे फ्लॅट क्रमांक, उजवीकडे राहणाऱ्याचे नाव, फोन, गाडीचा नंबर. यातला फ्लॅट क्रमांक ही ‘की’ आणि त्याच्यापुढची सगळी माहिती ही ‘व्हॅल्यू’. सोसायटीत दोन ‘कुलकर्णी’ असू शकतात, पण ‘बी-३०४’ एकच असतो. म्हणून शोधायचे ते फ्लॅट क्रमांकावरून. संगणकाच्या भाषेत अशा वहीला ‘डिक्शनरी’, ‘मॅप’ किंवा ‘हॅश’ म्हणतात. नावे वेगळी, कल्पना एकच.

सर्व्हरची मांडणी, म्हणजे कॉन्फिगरेशन, बहुतांशी याच स्वरूपात असते. कोणत्या वापरकर्त्याला कोणता गट, कोणत्या सेवेला कोणता पोर्ट, कोणत्या वेबसाइटची फाइल कोणत्या फोल्डरमध्ये, अशा या जोड्या. एका डेटाबेस टीमची यादी साधारण अशी दिसेल (प्रत्यक्षात ती रोमन लिपीत असते):

वापरकर्ते:
  अमोल:
    क्रमांक: २००१
    गट: डेटाबेस
  रेश्मा:
    क्रमांक: २००२
    गट: वेब

इथे ‘अमोल’ आणि ‘रेश्मा’ या की आहेत. प्रत्येकीच्या पोटात पुन्हा छोटी डिक्शनरी आहे. ही यादी वरपासून खालपर्यंत एकेक करून वाचायची आणि प्रत्येक नावासाठी तेच काम करायचे, याला लूप म्हणतात. वॉचमनने वही उघडून प्रत्येक फ्लॅटची बेल वाजवावी, तसेच हे.

हातानेच केले तर काय बिघडते?

याचे उत्तर १ ऑगस्ट २०१२ रोजी न्यू यॉर्कच्या शेअर बाजाराने पाहिले. ‘नाइट कॅपिटल’ या दलाल कंपनीने आपल्या ट्रेडिंग यंत्रणेत नवा कोड टाकायला घेतला होता. सर्व्हर होते ८. नवा कोड ७ सर्व्हरवर पोहोचला, एकावर टाकायचा राहिला. त्या एका सर्व्हरवर अनेक वर्षे वापरात नसलेला जुना कोड पडून होता. नव्या व्यवस्थेने जो संकेत वेगळ्या कामासाठी वापरायला घेतला, त्याच संकेताने या सर्व्हरवर तो जुना कोड जागा झाला आणि ऑर्डरवर ऑर्डर पाठवत सुटला.

सुमारे ४५ मिनिटांत १५४ शेअरमध्ये ४० लाखांहून अधिक व्यवहार झाले. कंपनीचे नुकसान ४६ कोटी डॉलरच्या वर गेले. अमेरिकेच्या बाजार नियामकाने, म्हणजे सिक्युरिटीज अँड एक्स्चेंज कमिशनने, ऑक्टोबर २०१३ मध्ये १.२ कोटी डॉलरचा दंड केला. नियामकाच्या आदेशात नोंद आहे की, कोड टाकल्यानंतर दुसऱ्या कोणी तो तपासला नव्हता आणि तसे तपासावे असा लेखी नियमही नव्हता. तोवर ही कंपनी स्वतंत्र राहिलेली नव्हती, दुसऱ्या कंपनीत विलीन झाली होती.

माणूस आठ वेळा तेच काम करताना एखादे विसरतो. लूप विसरत नाही. यादीत ८ नावे असतील तर ती ८ वेळा फिरते. ऑटोमेशनचा मूळ फायदा हाच.

ॲन्सिबलमध्ये हे कसे चालते?

या कामासाठी सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या साधनांपैकी एक म्हणजे ‘ॲन्सिबल’. मायकेल डीहान यांनी ते २०१२ मध्ये खुले केले. २०१५ मध्ये ‘रेड हॅट’ने ते विकत घेतले आणि २०१९ मध्ये रेड हॅट ‘आयबीएम’कडे गेली. ॲन्सिबलची आज्ञावली ‘प्लेबुक’ म्हणून ओळखली जाते आणि ती ‘यॅमल’ या साध्या, वाचता येईल अशा स्वरूपात लिहितात.

पण नवा माणूस पहिल्याच दिवशी एका ठिकाणी अडखळतो. ॲन्सिबलच्या ‘लूप’ या शब्दाला डिक्शनरी थेट दिली की ती नाकारली जाते, कारण तिला साधी यादी हवी असते. एकाखाली एक पदार्थ असलेली किराण्याची यादी चालते, डावी-उजवी बाजू असलेली वही चालत नाही.

यावर दोन उपाय आहेत. जुना उपाय ‘विथ-डिक्ट’. तो आजही चालतो. नवा उपाय ‘डिक्ट-टू-आयटम्स’ हा फिल्टर. तो डिक्शनरीचे रूपांतर यादीत करतो. वहीतली प्रत्येक ओळ एका वेगळ्या चिठ्ठीवर उतरवली जाते. चिठ्ठीवर दोन रकाने असतात : ‘की’ आणि ‘व्हॅल्यू’. मग लूप एकेक चिठ्ठी उचलते. उचललेल्या चिठ्ठीचे नाव ‘आयटम’. ‘आयटम डॉट की’ म्हटले की अमोल मिळतो, ‘आयटम डॉट व्हॅल्यू डॉट गट’ म्हटले की डेटाबेस मिळतो.

‘लूप’ हा शब्द ॲन्सिबलच्या २.५ आवृत्तीत आला आणि हा फिल्टर २.६ मध्ये. त्यामुळे जुन्या प्लेबुकमध्ये एक पद्धत आणि नव्यात दुसरी दिसते. गोंधळून जाण्याचे कारण नाही, दोन्हींचा निकाल सारखाच.

एखाद्या चिठ्ठीवर चूक निघाली तर? समजा रेश्माचा गटच सर्व्हरवर अस्तित्वात नाही. ॲन्सिबल सहसा तिथे थांबत नाही. उरलेल्या चिठ्ठ्या पूर्ण करते आणि शेवटी ते काम ‘फेल’ म्हणून नोंदवते. म्हणजे लाल ओळ दिसली याचा अर्थ ‘काहीच झाले नाही’ असा नसतो. काही नावांचे झाले, काहींचे राहिले, असा असू शकतो. वरची प्रत्येक ओळ वाचणे भाग असते.

साधी यादी सोडून डिक्शनरीच का?

कारण क्रमांक बदलतात, ओळख बदलत नाही. ‘टेराफॉर्म’ या दुसऱ्या लोकप्रिय साधनात हा फरक सर्वात महागात पडतो. क्लाउडवर सर्व्हर उभे करण्यासाठी ते वापरतात. त्यात ‘काउंट’ने तीन सर्व्हर बनवले, तर टेराफॉर्म त्यांना ०, १, २ असे ओळखते. मधला नको झाला म्हणून यादीतून काढला की तिसरा सरकून दुसऱ्याच्या जागी येतो. टेराफॉर्मला वाटते, १ क्रमांकाचा सर्व्हर बदलायचा आहे आणि २ क्रमांकाचा पाडायचा आहे. ज्याला हात लावायचा नव्हता, तो चालू सर्व्हरच पाडला जाण्याची वेळ येते.

‘फॉर-ईच’ वापरले तर ओळख क्रमांकावर नसते, कीवर असते. मधली की काढली, तर फक्त तोच सर्व्हर जातो. बाकीच्यांना धक्का लागत नाही. बी-३०४ रिकामा झाला म्हणून बी-३०५ चा क्रमांक बदलत नाही, तसेच.

मात्र जिथे क्रम महत्त्वाचा आहे, तिथे डिक्शनरीवर विसंबू नये. आधी डेटाबेस, मग ॲप, मग वेब असे ठरलेले असेल तर साधी यादीच बरी. ॲन्सिबल ज्या पायथन भाषेत लिहिले आहे, तिच्यात डिक्शनरीचा क्रम टिकण्याची हमी ३.७ आवृत्तीपासूनच मिळाली. आणि आज क्रम टिकत असला, तरी यादी वर्णानुक्रमे लावायचा मोह उद्या दुसऱ्या कुणाला झाला, की सगळे उलटेपालटे.

यादीतच चूक असेल तर?

तर लूप ती चूक इमानेइतबारे सगळीकडे पोहोचवते. यॅमलमध्ये अशा तीन जागा नेहमी सापडतात.

पहिली, दुबार की. तीनशे ओळींच्या फाइलमध्ये ‘अमोल’ वर एकदा आणि खाली एकदा लिहिला गेला, तर ॲन्सिबल शेवटचा धरते आणि पहिला सोडून देते. ती इशारा देते, पण काम थांबवत नाही. घाईत असलेल्या माणसाला तो इशारा दिसतोच असे नाही.

दुसरी, शून्याने सुरू होणारे आकडे. ॲन्सिबल यॅमलच्या १.१ नियमांनुसार वाचते. त्यात शून्याने सुरू होणारा आकडा अष्टमान पद्धतीचा समजला जातो. मुंबईचा एसटीडी कोड ०२२ अवतरणचिन्हाशिवाय लिहिला, तर त्याचा होतो १८. पुण्याचा ०२० होतो १६!

तिसरी, ‘हो-नाही’चा घोळ. इंग्रजी ‘नो’ आणि ‘ऑफ’ हे शब्द त्याच नियमांत ‘असत्य’ या अर्थाने वाचले जातात. देशांच्या यादीत नॉर्वेचा दोन अक्षरी कोड ‘एनओ’ आहे. अवतरणचिन्ह विसरले की नॉर्वे गायब आणि तिथे ‘असत्य’. जगभरचे इंजिनीअर याला ‘नॉर्वे प्रॉब्लेम’ म्हणूनच ओळखतात. तिन्हींपैकी शेवटच्या दोघांवर उपाय एकच : मजकूर असेल तर अवतरणचिन्हात टाका.

इनपुटमधली छोटी चूक किती मोठी होते, याचे प्रसिद्ध उदाहरण २८ फेब्रुवारी २०१७ चे आहे. ‘ॲमेझॉन वेब सर्व्हिसेस’च्या एस-थ्री या साठवण सेवेत बिलिंगची अडचण शोधताना एका कर्मचाऱ्याने ठरलेल्या प्लेबुकनुसार आज्ञा दिली. मोजके सर्व्हर बाजूला काढायचे होते. आज्ञेतला एक इनपुट चुकला आणि हव्या होत्या त्यापेक्षा कितीतरी जास्त सर्व्हर बाहेर गेले. सेवा पूर्ववत व्हायला चार तासांहून जास्त वेळ लागला आणि तिच्यावर अवलंबून असलेल्या असंख्य वेबसाइट कोलमडल्या. नंतर कंपनीने आपल्या साधनात बदल केला. आता ते सर्व्हर हळूहळू काढते आणि ठरावीक किमान संख्येच्या खाली जाऊ देत नाही.

नाइट कॅपिटलमध्ये काम एका जागी राहून गेले. इथे ते नको तितक्या जागी झाले. हाताने काम करताना पहिला धोका असतो, ऑटोमेशनमध्ये दुसरा.

मग काढलेल्या नावाचे खाते का राहते?

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. लूप फक्त यादीत असलेल्यांनाच हाक मारते. यादीत नसलेला कोणी अस्तित्वात आहे, हे तिला माहीतच नसते. ‘रेश्माचे खाते असू दे’ हे ती आजवर दर वेळी तपासत होती. रेश्माची ओळ काढल्यावर ती रेश्माबद्दल काहीच विचारत नाही. ‘रेश्माचे खाते नको’ असे तिला कोणी सांगितलेलेच नाही. वहीतून भाडेकरूचे नाव खोडले म्हणून त्याच्या खिशातली लॅचची किल्ली परत येत नाही.

इंजिनीअरिंगनंतर काही काळ प्रस्तुत प्रतिनिधी एका कंपनीत सर्व्हरच्या देखभालीचे काम करत होती. नोकरी सोडलेल्या एका सहकाऱ्याचे नाव यादीतून काढण्याचे काम तिच्याकडे होते. तिने ओळ काढली, स्क्रिप्ट चालवली, हिरवा निकाल पाहून तिकीट बंद केले. चार महिन्यांनी ऑडिटमध्ये ते खाते सगळ्या सर्व्हरवर सापडले. सुदैवाने कोणी त्याचा वापर केलेला नव्हता. पण ‘तू तर काढले होतेस ना?’ या प्रश्नाला तेव्हा तिच्याकडे उत्तर नव्हते.

टेराफॉर्मचे वागणे याच्या बरोबर उलटे आहे. आपण काय काय उभे केले, याची नोंद ते ‘स्टेट’ फाइलमध्ये ठेवते. यादीतून की काढली की ते नोंदीशी ताडून पाहते आणि ती वस्तू पाडायला निघते. म्हणजे एकच कृती, फाइलमधली एक ओळ काढणे, एका साधनात काहीच करत नाही आणि दुसऱ्यात चालू डेटाबेस उडवू शकते. एका टीममधून दुसऱ्या टीममध्ये गेलेल्या इंजिनीअरने सर्वात आधी विचारायचा प्रश्न हाच.

ॲन्सिबलमध्ये योग्य मार्ग कोणता?

ओळ काढायची नाही, तिची अवस्था बदलायची. प्रत्येक नावापुढे ‘स्टेट’ नावाचा रकाना ठेवायचा. काम करणाऱ्यांपुढे ‘प्रेझेंट’, सोडून गेलेल्यांपुढे ‘ॲबसेंट’. लूप मग रेश्मालाही हाक मारते आणि तिचे खाते काढून टाकते. सगळ्या सर्व्हरवर हे पोहोचले याची खात्री झाली की मगच ओळ हटवायची. बंद पडलेला एखादा सर्व्हर आठवड्याने सुरू झाला, तर त्याच्यासाठीही ती ओळ तेव्हा फाइलमध्ये असायला हवी.

शिवाय अधूनमधून उलटी तपासणी करावी. ‘गेट-एंट’ हे मॉड्यूल सर्व्हरवर प्रत्यक्ष असलेली सगळी खाती डिक्शनरीच्या रूपात आणून देते. त्यातल्या की आणि आपल्या यादीतल्या की यांची वजाबाकी केली की अनोळखी नावे समोर येतात. सिस्टीमची स्वतःची खाती त्यातून वगळावी लागतात. बहुतेक लिनक्समध्ये माणसांच्या खात्यांचे क्रमांक १००० पासून सुरू होतात, त्यामुळे हे फारसे अवघड नाही.

इथे आणखी एक सापळा आहे. सर्व्हरवर पासवर्डशिवाय शिरण्यासाठी एसएसएच किल्ल्या वापरतात. त्या बसवणाऱ्या मॉड्यूलमध्ये ‘एक्सक्लुझिव्ह’ हा पर्याय आहे : दिलेली किल्ली ठेव, बाकीच्या काढून टाक. जुन्या किल्ल्या साफ करायला तो सोयीचा वाटतो. पण तो लूपसोबत वापरला तर प्रत्येक फेरीत आधीच्या फेरीची किल्ली पुसली जाते. एकाच खात्यावर पाच जणांच्या किल्ल्या टाकायला गेलात, तर शेवटच्या माणसाचीच उरते. बाकी चौघे दाराबाहेर. यावर उपाय म्हणजे लूप न वापरता सगळ्या किल्ल्या एकत्र करून एकदाच द्यायच्या.

पासवर्ड उघडे पडू शकतात का?

हो. लूप फिरताना ॲन्सिबल प्रत्येक चिठ्ठी स्क्रीनवर छापते, अख्खी. व्हॅल्यूमध्ये पासवर्ड असेल तर तोही दिसू शकतो आणि लॉगमध्ये राहू शकतो. मूळ फाइल ‘व्हॉल्ट’ने कुलूपबंद केली असली, तरी चालवताना ती उघडलेली असते. अशा कामावर ‘नो-लॉग’ लावणे आवश्यक आहे. ‘लेबल’ वापरून फक्त की छापता येते, पण ती स्क्रीन नीटनेटकी ठेवण्याची सोय आहे, सुरक्षेची नव्हे.

काळजी काय घ्यायची?

पहिले, ‘चेक’ मोड. प्रत्यक्ष बदल न करता काय बदलेल ते तो दाखवतो. सोबत ‘डिफ’ लावले की फाइलमधला जुना-नवा फरक दिसतो. पण लक्षात ठेवा, यादीतून काढलेल्या नावाबद्दल चेक मोडही गप्पच राहतो.

दुसरे, ‘लिमिट’. आधी एकाच सर्व्हरवर चालवा. तिसरे, ‘सीरियल’. शंभर सर्व्हर एकदम न घेता पाच-पाचच्या तुकड्या करा. पहिली तुकडी कोसळली तर उरलेले ९५ वाचतात.

चौथे, दुसरी नजर. फाइलमधला बदल दुसऱ्याने वाचल्याशिवाय चालवायचा नाही. ही सवय फुकट आहे. नाइट कॅपिटलच्या प्रकरणात नेमकी तीच नव्हती.

हे सगळे आता एआय लिहून देईल ना?

लूप नक्कीच लिहून देईल, आणि बऱ्याचदा बरोबर. डिक्ट-टू-आयटम्स कुठे लावायचे, हे आता पाठ करण्याची गरज उरलेली नाही. पण रेश्माने मागच्या शुक्रवारी राजीनामा दिला, मधला सर्व्हर अजून बिलिंगवाले वापरतात, ०२२ हा आकडा नसून फोनचा कोड आहे, हे त्या फाइलमध्ये कुठेच लिहिलेले नसते. ते टीममधल्या माणसांना माहीत असते आणि त्यांनीच ते यादीत वेळेवर उतरवावे लागते.